केमो चालू असताना रक्त कमी झालं तर? पुण्यातल्या पेशंट आणि नातेवाइकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केमोच्या डे-केअर वॉर्डात सिस्टर म्हणून मी बरीच वर्षं काढली. निवृत्त झाल्यापासून दर गुरुवारी दुपारी सदाशिव पेठेतल्या एका खोलीत आम्ही चौघी फोन घेऊन बसतो आणि कॅन्सर पेशंटच्या घरच्यांशी बोलतो. केस, मळमळ आणि पैसे यांच्या खालोखाल विचारलं जातं ते हिमोग्लोबिनबद्दल. तेच ते प्रश्न येत राहतात म्हणून इथे मांडले आहेत, शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत. हे सगळं मोठ्या माणसांपुरतं आहे. लहान मुलांचं गणित वेगळं असतं. आणि तुमची फाइल तुमच्या डॉक्टरांसमोर आहे, माझ्यासमोर नाही, हे धरून वाचा.

१. हिमोग्लोबिन कितीच्या खाली गेलं की रक्त कमी म्हणायचं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने पुरुषांत १३ आणि बायकांत १२ ग्रॅमच्या खाली. (हे एक डेसिलिटर रक्तातलं प्रमाण, रिपोर्टवर तेच छापलेलं असतं.) केमोच्या पेशंटचं १०-११ आलं म्हणून घरात सुतकी चेहरे करायला नकोत. मात्र ११ च्या खाली गेलं, किंवा त्या माणसाच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा २ ने उतरलं, की कारण शोधायला घ्यावं.

किती वेगाने उतरलं तेही बघायचं. तीन महिन्यांत हळूहळू ९ वर आलेला माणूस दोन जिने चढून वर येतो. आठवड्यात ९ वर आपटलेला बाथरूमपर्यंत जाताना भिंत धरतो. म्हणून जुने रिपोर्ट तारखेने लावून एकाच फाइलीत ठेवा. एकट्या आजच्या कागदावरून कोणालाच फारसं कळत नाही.

२. बाबांचं जेवण व्यवस्थित आहे. मग रक्त कमी का होतंय?

कारण बहुतेक वेळा ताटात नसतं. रक्त हाडांमधल्या मगजात, म्हणजे बोन मॅरोत तयार होतं आणि केमो तिथल्या वाढत्या पेशींनाही मारते. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, त्यामुळे तुटवडा पहिल्याच सायकलला, म्हणजे केमोच्या फेरीला, जाणवत नाही. तिसऱ्या-चौथ्या सायकलला आकडा डोळ्यात भरतो. सिस्प्लॅटिनसारखं औषध किडनीलाही त्रास देतं, आणि रक्त बनवण्याचा निरोप देणारं एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक किडनीतूनच निघतं. शिवाय कॅन्सरमुळे अंगात सततची सूज (बाहेरून न दिसणारी, आतली, इन्फ्लमेशन) असते, ती लोह अडवून धरते (प्रश्न ५). जठर, आतडं, गर्भाशय, मूत्राशय इथल्या गाठीतून थोडं थोडं रक्त जात असतं. कधी आजार मॅरोतच शिरलेला असतो. कधी बी-१२ आधीपासूनच कमी असतं, आपल्याकडच्या शाकाहारी घरांत तर हमखास.

एकाच पेशंटमध्ये यातली दोन-तीन कारणं एकत्र असू शकतात. म्हणून ‘रक्त वाढायचं औषध सांगा’ या प्रश्नाला मी फोनवर उत्तर देत नाही. आधी का कमी झालं ते कळू दे.

३. ऑक्सिमीटरवर ९८ दाखवतं, तरी आईला धाप लागते. मशीन बिघडलंय का?

मशीन ठीक आहे. ते सांगतं की असलेल्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्क्यांवर ऑक्सिजन बसलाय. मुळात हिमोग्लोबिन किती आहे, हे त्याला दिसत नाही. स्वारगेटहून निघालेल्या पीएमपीच्या सगळ्या सीट भरलेल्या आहेत, पण बसच दहाच्या जागी पाच धावताहेत, असं समजा. कोविडपासून घरोघरी हे यंत्र आलं आणि ‘९८ आहे, म्हणजे सगळं ठीक’ हा समज पक्का बसला. धाप लागत असेल तर सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करा.

४. कोणत्या तपासण्या करून घ्यायच्या?

सीबीसी तर होतेच. त्यात एमसीव्ही, म्हणजे पेशीचा आकार, बघायला सांगा. बाकी डॉक्टर गरजेप्रमाणे लिहितात: रेटिक्युलोसाइट काउंट (नव्या तांबड्या पेशी किती बनताहेत), फेरिटिन (लोहाचा साठा), ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (वापरायला मिळणारं लोह), बी-१२, फोलेट (म्हणजे फॉलिक ॲसिड), क्रिएटिनिन (किडनीसाठी), शौचातून लपून रक्त जातंय का याची चाचणी. कावीळ दिसत असेल तर पेशी फुटताहेत का ते कळायला बिलिरुबिन, एलडीएच आणि कूम्ब्स टेस्ट.

एक गोष्ट आवर्जून सांगते. लोह आणि बी-१२ चे नमुने रक्त चढवायच्या आधी काढून घ्या. दुसऱ्याचं रक्त आत गेल्यावर आकडे गढूळ होतात आणि मग काही दिवस नीट काही कळत नाही. घाईत हे राहून जातं. नम्रपणे विचारलंत तर कोणी रागावत नाही.

५. फेरिटिन ४८० आलंय, वरच्या मर्यादेच्याही पुढे. तरी डॉक्टर म्हणतात लोह कमी आहे. हे कसं?

हा प्रश्न बहुतेक रात्री व्हॉट्सॲपवर येतो, रिपोर्टच्या फोटोसकट, लाल बाणाला गोल करून.

फेरिटिन म्हणजे साठ्यातलं लोह. पण अंगात सूज किंवा कॅन्सर असला की फेरिटिन तसंही वाढतं. त्यातच यकृत हेप्सिडिन नावाचं एक द्रव्य जास्त सोडतं. ते साठ्याला कुलूप लावतं आणि आतड्यातून येणारं नवं लोहही अडवतं. मार्केट यार्डात गोदाम धान्याने भरलंय, पण किल्ली मुनीमजींच्या कमरेला आणि मुनीमजी जागचे हलत नाहीत. मॅरो बाहेर उपाशी उभी.

म्हणून फेरिटिनच्या जोडीला ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन बघतात. ते २० टक्क्यांच्या खाली असेल तर साठा भरलेला असूनही कामाला लोह मिळत नाहीये. उलट बाजूही लक्षात ठेवा: निरोगी माणसात फेरिटिन ६० आलं तर चालून जातं, पण कॅन्सरच्या पेशंटमध्ये १०० च्या खालचं फेरिटिन बहुधा खरीच कमतरता सांगतं, लॅबच्या कागदावर ‘नॉर्मल’ छापलं असलं तरी. या कुलूपबंद प्रकारात तोंडाने घेतलेल्या गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. पुढचा मार्ग प्रश्न ९ मध्ये आहे.

६. रोज बीट, डाळिंब आणि खजूर देतोय. अजून काय देऊ?

बिटाने लघवी लाल होते, रक्त नाही. रंगावरून रक्त वाढत असतं तर मंडईतल्या गाजरवाल्याने दवाखाना काढला असता. बिटात लोह बेताचंच असतं. आवडत असेल तर खाऊ द्या, पण त्यावर भिस्त ठेवू नका. डाळिंबाचंही तेच. मधुमेह असेल तर खजूर आणि गुळाचा हात आखडता.

लोह खरंच हवं असेल तर अळीव, तीळ, राजगिरा, बाजरी, मटकी, चवळी, पालेभाज्या. त्यावर लिंबू पिळा किंवा सोबत आवळा, पेरू द्या. सी जीवनसत्त्वाने वनस्पतीतलं लोह शोषलं जातं. मांसाहार चालत असेल तर मटण, कलेजी, मासे यांतलं लोह अंगी लागायला सोपं. चहा जेवणाला चिकटून नको, तास-दीड तासाने. (पुण्यात हे सांगणं किती अवघड आहे ते मला ठाऊक आहे.) लोखंडी कढईत भाजी करा, चांगलंच आहे.

पांढऱ्या पेशी कमी असतील त्या दिवसांत कच्ची मोड आलेली कडधान्यं, कच्ची कोशिंबीर आणि बाहेरचे रस बंद. मोड वाफवून, उसळ करून द्या. आणि लोहापेक्षा आधी पोटात पुरेसं अन्न आणि प्रथिनं जाताहेत ना ते बघा: वरण, अंडं, पनीर, घरचं दही. तोंड आलेल्या माणसाला अळिवाचे लाडू चावायला लावू नका, मऊ खीर द्या.

७. आयर्नची गोळी कशी घ्यायची?

डॉक्टरांनी लिहिली असेल तरच. शक्यतो रिकाम्या पोटी, लिंबूपाण्याबरोबर. चहा, दूध आणि कॅल्शियमच्या गोळीपासून दोन तास लांब. पोटात जळजळ होत असेल तर थोडं खाऊन घ्या. एक दिवसाआड घेतली तरी बऱ्याच जणांना चालते, त्रासही कमी होतो, डॉक्टरांना विचारा. केमोसोबत पॅन्टोप्राझोलसारखी ॲसिडिटीची गोळी चालू असते, ती लोहाचं शोषण कमी करते, म्हणून सगळ्या गोळ्यांची यादी दाखवा. बद्धकोष्ठता होतेच.

८. शी काळी होतेय. आयर्नच्या गोळीमुळेच ना?

बहुधा हो. पण ‘बहुधा’वर एक माणूस तीन आठवडे घरी बसला होता, ते मला अजून आठवतं. साठीचे गृहस्थ, पाठदुखीसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या चालू. सून म्हणाली, आयर्नमुळे काळी होते, इंटरनेटवर वाचलंय. वॉर्डात आले तेव्हा तळवे पांढरे फटक, हिमोग्लोबिन ६ च्या आत. जठरात अल्सर होता, त्यातून रक्त जात होतं.

फरक असा: आयर्नने होणारी शी काळपट हिरवी आणि बांधलेली असते. रक्त जात असेल तर डांबरासारखी चिकट, चकचकीत, पाणी ओतलं तरी भांड्याला धरून राहणारी, आणि तिचा वास साऱ्या घराला कळतो. अशी दिसली, किंवा सोबत चक्कर, धडधड असेल, तर त्याच दिवशी हॉस्पिटल. आणि केमो चालू असताना वेदनाशामक गोळ्या विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत.

९. शिरेतून आयर्न देणार म्हणाले. सुरक्षित आहे का?

आताची औषधं बऱ्यापैकी सुरक्षित आहेत. आयर्न सुक्रोज थोडं थोडं, अनेक खेपांत देतात. फेरिक कार्बोक्सिमाल्टोजचे १००० मिलिग्रॅमपर्यंत एकाच बैठकीत, पंधरा-वीस मिनिटांत जातात. क्वचित ॲलर्जी होते, म्हणून नंतर अर्धा तास तिथेच बसवतात. भेळ खायला खाली उतरू नका. सुई नीट शिरेत नसेल तर त्वचेवर तपकिरी डाग पडतो आणि महिनोन्‌महिने जात नाही. हात चुरचुरला की लगेच सिस्टरला सांगा, भिडेखातर गप्प बसू नका. कार्बोक्सिमाल्टोजने काहींचं फॉस्फेट उतरतं. नंतर हाडं-स्नायू फार दुखले तर हे आठवणीने सांगावं.

ताप किंवा जंतुसंसर्ग चालू असताना हे पुढे ढकलतात. डॉक्सोरुबिसिनसारखी हृदयावर ताण आणणारी केमो ज्या दिवशी असेल त्या दिवशीही देत नाहीत.

१०. हिमोग्लोबिन ७.४ आहे, तरी डॉक्टर रक्त चढवत नाहीत. दुर्लक्ष तर करत नाहीत ना?

नसावेत. त्रास नसलेल्या, स्थिर माणसाला साधारण ७ च्या खाली गेल्यावर रक्त देतात. हृदयविकार असेल तर ८ च्या आसपास. धाप, छातीत दुखणं, चक्कर असेल तर आकडा जास्त असतानाही देतात. उगाच चढवलेल्या रक्ताने ॲलर्जी, ताप, फुप्फुसात पाणी असे धोके येतात आणि फार वेळा दिलं तर लोह साचतं. वयस्क, हृदय किंवा किडनी कमजोर असलेल्यांना एका वेळी एकच पिशवी, तीही सावकाश.

बसल्या जागी धाप, छातीत दुखणं, शुद्ध हरपल्यासारखं होणं, रक्त पडणं यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका. केमोच्या पेशंटला १००.४ फॅरनहाइट ताप आला तरीही तेच.

११. एक बाटली चढवली की किती वाढतं?

साधारण १ ने. आता बाटली नसते, पिशवी असते, आणि तीत पूर्ण रक्त नसून ‘पॅक्ड सेल’ असतात. एक पिशवी दोन ते चार तास चालते; शीतपेटीतून काढल्यापासून चार तासांत संपवावी लागते. पहिली पंधरा मिनिटं सगळ्यात महत्त्वाची. थंडी, कंबरदुखी, अंगावर गांधी, घसा आवळल्यासारखं वाटलं तर बेल दाबा. पिशवीवरचं नाव आणि गट दोघं जण मिळून वाचतात ना, ते नातेवाइकांनीही कान देऊन ऐकावं.

१२. आम्ही तिघे भाऊ आहोत. बाहेरचं कशाला, आमचंच रक्त आईला द्या ना?

भावना कळते, पण इथे घरचं ते सगळ्यात चांगलं असं नसतं. जवळच्या नात्यातल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी पेशंटच्या शरीराला परक्या वाटत नाहीत, त्यामुळे हाकलल्या जात नाहीत. त्या तिथेच मुक्काम ठोकून पेशंटच्याच अवयवांवर उलटू शकतात. हा प्रकार दुर्मीळ आहे, पण झाला तर बहुतेक वेळा जीव घेतो. म्हणून नातेवाइकाचं रक्त द्यायचंच असेल तर ते आधी विकिरण करून, म्हणजे इरॅडिएट करून द्यावं लागतं. नुसत्या फिल्टरने भागत नाही.

हॉजकिन लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा एक कॅन्सर) असलेले, फ्लुडाराबिनसारखी औषधं घेतलेले आणि स्टेम सेल ट्रान्सप्लांट झालेले पेशंट यांना तर कोणाचंही रक्त इरॅडिएट करूनच लागतं. फाइलीच्या पहिल्या पानावर हे लाल शाईत लिहून ठेवा. दुसऱ्या हॉस्पिटलात रात्री इमर्जन्सीला गेलात तर तिथे कोणाला माहीत नसतं. पुढे ट्रान्सप्लांट ठरत असेल तर भावंडांचं रक्त टाळतात, कारण तीच उद्या दाते होऊ शकतात.

भावांनी रक्त जरूर द्यावं, पण रक्तपेढीला. ते दुसऱ्या कोणाला जाईल, म्हणून गट जुळायची गरज नाही.

१३. रक्तपेढी पैसे आणि बदली रक्तदाता दोन्ही मागते. हे बरोबर आहे का?

रक्त विकता येत नाही. घेतात ते तपासणी आणि प्रक्रियेचं शुल्क. त्याची पावती मागा. बदली दात्याची विनंती केली जाते, विशेषतः मे महिन्यात आणि दिवाळीत, कॉलेजं बंद पडून शिबिरं आटतात तेव्हा. पण धोरणाचा कल स्वेच्छा रक्तदानाकडे आहे. दाता आणला नाही म्हणून अडवणूक झाली तर वॉर्डातल्या समाजसेवा अधिकाऱ्यांकडे जा. कुठे किती साठा आहे ते ई-रक्तकोश या सरकारी पोर्टलवर दिसतं. तरी निघण्याआधी फोन करा. दाता १८ ते ६५ वर्षांचा, किमान ४५ किलोचा, हिमोग्लोबिन १२.५ किंवा जास्त असलेला हवा. दोन रक्तदानांत पुरुषांना तीन आणि बायकांना चार महिन्यांचं अंतर.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार चालू असतील तर रक्ताचा खर्च पॅकेजमध्ये धरलाय का, ते आधी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) विचारा. महापालिका हद्दीतल्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी शहरी गरीब योजनाही आहे.

१४. काका डायलिसिसवर आहेत, त्यांना रक्त वाढवायचं इंजेक्शन देतात. ताईला ब्रेस्ट कॅन्सर आहे, तिला का नाही?

ते इंजेक्शन म्हणजे एरिथ्रोपोएटिन किंवा डार्बेपोएटिन. कॅन्सरच्या पेशंटमध्ये त्याने रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो, आणि काही अभ्यासांत आजार बळावल्याचं, आयुष्य घटल्याचंही दिसलं. म्हणून केमो आजार पूर्ण बरा करण्यासाठी चालू असेल तर ते देत नाहीत. ताई बरी होणार आहे म्हणूनच तिला नाही, असं समजा. आजार ताब्यात ठेवण्यासाठी केमो चालू आहे आणि हिमोग्लोबिन १० च्या खाली आहे, अशांना विचार करून देतात. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि आठेक आठवड्यांत फरक पडला नाही तर थांबवतात. लोह नसेल तर हे इंजेक्शन वाया जातं. काही मायलोडिस्प्लास्टिक (मॅरोच नीट रक्त बनवत नाही असा आजार असलेले) पेशंट अपवाद. त्यांना केमो नसतानाही देतात.

१५. घरात फॉलिक ॲसिडच्या गोळ्या आहेत. दिल्या तर काय बिघडतं?

बिघडू शकतं, आणि हे औषधागणिक बदलतं. पेमेट्रेक्सेड चालू असेल तर फॉलिक ॲसिड आणि बी-१२ चं इंजेक्शन घ्यावंच लागतं, नाहीतर दुष्परिणाम वाढतात. मेथोट्रेक्सेटचं कामच फोलेट अडवणं आहे, तिथे आपल्या मनाने गोळी घेतली तर औषधाशी झगडा होतो. कॅपेसिटाबिन किंवा फाइव्ह-एफयू घेणाऱ्यांना फॉलिक ॲसिडने जुलाब आणि तोंड येणं वाढू शकतं. बहुतेक मल्टिव्हिटॅमिनमध्येही ते असतं, तेव्हा डबीमागचं बारीक अक्षर वाचा.

१६. जठर काढलंय. बी-१२ किती दिवस?

पूर्ण जठर काढलं असेल तर आयुष्यभर, बहुधा इंजेक्शनने. बी-१२ शोषायला लागणारा घटक जठरातच बनतो. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेहींनीही तपासून घ्यावं.

१७. गव्हांकुर, पपईच्या पानांचा रस, गुळवेल, लोहासव चालेल का?

माझा सल्ला: केमो चालू असेपर्यंत नको. कच्च्या रसात जंतू, काढ्यात काय आणि किती ते माहीत नाही, आणि गुळवेलीने काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. यकृताचे आकडे बिघडले की केमो थांबते, आणि काढ्याचं कोणी डॉक्टरांना सांगितलेलं नसतं. आयुर्वेदावर श्रद्धा असेल तर वैद्य आणि ऑन्कोलॉजिस्ट दोघांना एकमेकांची चिठ्ठी दाखवा.

१८. हिमोग्लोबिन ११ आहे, तरी आई दिवसभर पडून असते.

मग कारण दुसरीकडे शोधा: थायरॉइड, झोप, वेदना, न जेवणं, उदास वाटणं. केमोचा थकवा रक्त ठीक असूनही येतो. आश्चर्य म्हणजे थोडं चालण्याने तो कमी होतो. सारसबागेला फेरी नको, गॅलरीत दहा मिनिटं पुरे. हिमोग्लोबिन ८ च्या खाली असेल तर मात्र आधी विचारा.

१९. रक्त कमी म्हणून केमो पुढे ढकलतील का?

केमोची तारीख जास्त करून पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटवर अडते. हिमोग्लोबिनसाठी रक्त देऊन पुढे जाता येतं. ओलापॅरिबसारख्या कॅन्सरवरच्या गोळ्यांनी मात्र हिमोग्लोबिन बरंच उतरतं. तिथे गोळी काही दिवस बंद ठेवून डोस कमी करतात. स्वतःहून बंद करू नका.

२०. रक्त चढवलं आणि आठ दिवसांत परत खाली. डोळेही पिवळे दिसतात.

लगेच कळवा. चढवलेल्या पेशी फुटत असू शकतात. अशी उशिराची रिॲक्शन साधारण दोन आठवड्यांच्या आत दिसते. लघवी कोऱ्या चहासारखी होते. काही लिम्फोमा आणि सीएलएलमध्ये (एक सावकाश वाढणारा रक्ताचा कॅन्सर) शरीर स्वतःच्याच पेशी फोडतं. तिथे उपचार स्टेरॉइडने सुरू होतो. पिवळेपणा नसेल तर कुठे रक्त जातंय का ते बघायचं (प्रश्न ८).

२१. केमो संपली. आता किती दिवसांत भरून येईल?

काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत. तीन-चार महिन्यांनीही आकडा हलत नसेल, किंवा वर आलेला पुन्हा उतरायला लागला, तर पुन्हा तपासा. ‘केमोच झाली होती ना’ म्हणून सोडून देऊ नका.

२२. पुढच्या आठवड्यात भाचीचं लग्न आहे. मेंदी काढू का?

काढा की. साधी, घरी भिजवलेली. काळी ‘इन्स्टंट’ नको, तिने अंगावर फोड येतात. फक्त दोन्ही हातांची नखं आणि तळव्याचा मधला भाग मोकळा ठेवा. सिस्टर तुमचा फिकेपणा तिथेच बघते, आणि ऑक्सिमीटरही नखावरच लावायचा असतो.